तात आणि ताण

कमान हा शब्द आपण मराठीत किती सहज वापरतो. लग्नाच्या मांडवाला कमान असते, जत्रेच्या रस्त्यावर स्वागताची कमान असते, जुन्या वाड्याच्या दाराला कमान असते. हा शब्द फारसीतून आला आणि तिकडे त्याचा पहिला अर्थ धनुष्य, हे बोलताना कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. तीर हाही फारसी, आणि तीर टाकणारा तो तिरंदाज. संस्कृतातून आलेलं धनुष्य आणि फारसीतून आलेली कमान मराठीच्या एकाच घरात शेजारी-शेजारी नांदतात. एकाने पुराणकथा सांभाळल्या, दुसरीने दरवाजे.

आमच्या घरातही एक धनुष्य होतं. पण ते पुराणातलं नव्हतं, लढाईतलं नव्हतं. आम्ही पिंजारी. कुठे मन्सुरी म्हणतात, कुठे नदाफ. बगदादच्या ज्या सूफी मन्सूर हल्लाजचं नाव आमची बिरादरी लावते, त्या 'हल्लाज' शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा असा आहे. अब्बांच्या खांद्यावर पुरुषभर लांबीचं पिंजण असे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बकऱ्याच्या आतड्याची तात ताणलेली. छताला बांबूची लवचिक काठी बांधून तिला हे पिंजण टांगायचं, तात कापसाच्या ढिगावर आणायची आणि डंबेलच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्याने तिला झटका द्यायचा. तात थरथरली की दबलेला, गाठी झालेला कापूस पाकळी-पाकळी होऊन उडायचा. वऱ्हाडातल्या दिवाळीनंतरच्या थंडीत गावोगाव हा आवाज ऐकू येई. गाद्या, उशा, रजया. त्यावर आमचं घर चाललं. पुढे विजेवर चालणारी यंत्रं आली, अब्बांनीही एक घेतलं, आणि पिंजण माळ्यावर गेलं.

अब्बा शिकलेले नव्हते, पण तातेचा ताण ते कानाने मोजत. जरा ढिली असली की आवाज भदभद येई, फार कसली की चिरका. "तात बोलती है बेटा, सुनना सीख," असं म्हणत. तात तुटली तर चाबकासारखी तोंडावर येते, म्हणून कसताना मान नेहमी बाजूला. त्यांच्या डाव्या भुवईवर एक जुना व्रण आहे, तो अशाच एका तुटलेल्या तातेचा. लहानपणी आम्हा भावंडांना त्या व्रणाचं कौतुक वाटे. अब्बांना वाटत नसे.

या घराण्यात माझी धाकटी लेक तिरंदाज झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. खेळाशी माझा संबंध शाळेच्या मैदानावर चुना टाकण्यापुरता. ती आधी बांबूच्या धनुष्यावर शिकली. आपल्याकडे 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार आहे, त्यात हेच साधं, परवडणारं धनुष्य चालतं. मग 2023 साल आलं. ऑगस्टच्या 5 तारखेला बर्लिनमधल्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने कंपाउंड धनुष्यावर वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा ती अवघी 17 वर्षांची होती. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचं सुवर्ण घेतलं. अंतिम सामन्यात 15 बाणांत 150 पैकी 150. त्याआधी मे महिन्यात आमच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला हरवलं होतं. लेकीने मोबाइलवर हे सगळं पुन्हा पुन्हा पाहिलं. नंतर तिने बांबूचं धनुष्य भिंतीला टेकवून ठेवलं, आणि आम्ही काय ते समजलो.

नवं कंपाउंड धनुष्य, त्याचं साइट, स्टॅबिलायझर, रिलीज, बाण असा सगळा संच लाखांच्या घरात जातो. अब्बांनी पिंजण्याचं यंत्र विकायला काढलं. "अब कौन रजाई भरवाता है," एवढंच म्हणाले. त्या पैशांत माझी थोडी भर घालून आम्ही एका खेळ सोडलेल्या मुलाचं जुनं धनुष्य घेतलं.

ते घरी आलं तेव्हा सगळं घर भोवती जमलं. लेक तिच्या अम्मीला एकेक भाग दाखवू लागली. मधला धातूचा दांडा तो रायझर, वरखालच्या दोन लवचिक पट्ट्या म्हणजे लिंब. "लिंब? मग साखर कुठंय?" असं तिची अम्मी म्हणाली आणि सगळे हसलो. तेवढ्यात अब्बांनी सवयीने हात पुढे केला, दोरी दोन बोटांत धरली. तातेचा आवाज ऐकायचा होता त्यांना. लेकीने झटकन त्यांचा हात धरला. "दादा, नको." (आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात.) "बाण नसताना ओढून सोडायचं नाही." अब्बा क्षणभर गोंधळले. ज्या माणसाने साठ वर्षं बाणाविना धनुष्य वाजवून पोरं जगवली, त्याला ही मनाई नवीन होती.

पण लेकीचं बरोबर होतं. भुजा वाकवताना आपण जी शक्ती साठवतो, ती सोडल्यावर कुठेतरी जायलाच हवी. बाण असला तर ती बाणाबरोबर जाते. बाण नसला, किंवा फार हलका असला, तर तीच शक्ती उलटी फिरून भुजांत, दोरीत, चाकांत आदळते. म्हणून बाणाच्या वजनालाही किमान मर्यादा असते. दर पौंड ताणामागे 5 ग्रेन हा सर्वसाधारण दंडक. 50 पौंडांच्या धनुष्याला निदान 250 ग्रेन, म्हणजे साधारण 16 ग्रॅमचा बाण हवा. धनुष्याच्या पुस्तिकेत याहून जास्त सांगितलं असेल तर तेच खरं.

लेकीला ते धनुष्य त्याच संध्याकाळी ओढून पाहायचं होतं. तिच्या प्रशिक्षकांनी फोनवर निक्षून सांगितलं, की जुनं धनुष्य तपासल्याशिवाय हातात ताणायचं नाही. नागपूरला एक जण आहे, त्याच्याकडे न्या. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही एसटीत बसलो. धनुष्याची पेटी मांडीवर, लेक खिडकीकडे तोंड करून.

नागपूरचा तो माणूस स्वतः जुना खेळाडू. पोरं त्याला सर म्हणतात, पण बोलणं कारागिराचं. त्याने आधी कापूस मागितला. मला वाटलं, काही पुसायचं असेल. त्याने कापसाचा बोळा दोन्ही भुजांच्या कडांवरून, चाकांच्या खाचांवरून हलकेच फिरवला. भुजेला बारीक तडा असेल, चाकाच्या कडेला ओरखडा असेल, तर डोळ्यांना दिसत नाही. पण कापसाचा तंतू तिथे अडकतो. आमच्या अब्बांचा कापूस हा असा पुन्हा धनुष्यापाशी आलेला पाहून मला काय वाटलं, ते लिहिता येत नाही. तंतू कुठेच अडकला नाही. भुजा शाबूत होत्या.

मग त्याने मला या धनुष्याचं गणित समजावलं. मी गणिताचा माणूस, म्हणून ते इथे लिहितो. कुणाच्या पोराच्या कामी येईल.

साधं धनुष्य जितकं ओढावं तितकं जड होत जातं. कंपाउंडचं तसं नाही. अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने 1966 साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1969 च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. त्याची युक्ती अशी की भुजांच्या टोकांना चाकं बसवायची, पण त्यांचा आस मधोमध ठेवायचा नाही. आजच्या धनुष्यात ही चाकं वेडीवाकडी, लंबगोल असतात; त्यांना कॅम म्हणतात. आपण दोरी ओढतो तशी ती कॅमवरून उलगडते, कॅम फिरतो, आणि त्याच्या दुसऱ्या खाचेत केबल गुंडाळली जाऊन भुजा वाकतात. सुरुवातीला ताण भराभर चढतो, मग शिखर येतं, आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उतरतो. 50 पौंडांचं धनुष्य पूर्ण ताणल्यावर, 80 टक्के सूट असेल तर, हातावर फक्त 10 पौंड उरतात. म्हणून नेम धरून शांत उभं राहता येतं. 50 मीटरवरच्या 8 सेंटिमीटरच्या वर्तुळात बाण जातो तो या शांततेमुळे.

आता धोका नेमका इथेच. शेवटी ताण का उतरतो? कारण केबल कॅमच्या आसाच्या अगदी जवळ आलेली असते. जितकी जवळ, तितका तिचा कॅमला परत फिरवण्याचा जोर कमी. समजा ती आणखी सरकून आसाच्या पलीकडे गेली. मग वाकलेल्या भुजांची सगळी ओढ कॅमला परत आणण्याऐवजी उलट्या दिशेलाच रेटते, आणि कॅम तिथेच बसून राहतो. मोटारसायकलचा स्टँड आठवा. त्याची स्प्रिंग खिळ्याच्या एका बाजूला असली की स्टँड वर चिकटून राहतो, पायाने दाबून ती दुसऱ्या बाजूला गेली की खाली टिकून राहतो. स्प्रिंग तीच, ओढ तीच, फक्त बाजू बदलली. धनुष्याचं असं झालं, म्हणजे ते ताणलेल्या अवस्थेतच अडकलं, तर त्याला कॅम लॉक होणं म्हणतात. दोरी सैल लोंबते, धनुष्य निपचित दिसतं, पण भुजांमधला सगळा ताण आत जिवंत असतो. धक्का लागला, कुणी कॅमला बोट लावलं, तर तो कधी सुटेल याचा नेम नाही.

हे होऊ नये म्हणून कॅमवर एक अडसर असतो, ड्रॉ स्टॉप. कॅम ठरल्या जागी आला की हा अडसर केबलला किंवा भुजेला टेकतो आणि पुढे ओढता येत नाही. खेळाडू त्याला भिंत म्हणतात. अडसर ढिला झाला, निघाला, चुकीच्या खुणेवर बसला. जास्त सूट मिळावी या मोहाने कुणी तो पुढे सरकवला. दोरी-केबल मापाच्या नसल्या. दोन कॅम एकमेकांच्या मागेपुढे फिरू लागले. भुजांचे बोल्ट मर्यादेबाहेर सैल केले. भिंत हलण्याची ही सगळी कारणं.

हे सांगून होईपर्यंत त्याने धनुष्य एका फळीवर आडवं बसवलं होतं. मूठ खुंटीला, दोरी हुकात, आणि हुकाला हाताने फिरवायची लहानशी विंच. याला ड्रॉ बोर्ड म्हणतात. माणसाच्या हातात देण्याआधी धनुष्य यावर सावकाश ओढून पाहायचं. आम्हाला त्याने मागे उभं केलं. दोरीच्या रेषेत कुणी नको. विंच कटकट फिरू लागली. वरचा कॅम, खालचा कॅम. खालच्याचा अडसर टेकला. वरच्याचा टेकला नाही; तो कॅम आणखी किंचित फिरला, एवढंच दिसलं. त्याने हात थांबवला, विंच उलटी फिरवली. हुक मागे आला. दोरी सैल पडली. वरचा कॅम जागचा हलला नाही.

खोलीत कुणी बोललं नाही. मी लेकीकडे पाहिलं. ती त्या सैल दोरीकडे पाहत होती. ही दोरी त्या संध्याकाळी तिच्या गालाला टेकलेली असती, बोटं रिलीजवर, आणि समोर तिचे दादा खुर्ची टाकून कौतुक पाहत बसलेले.

"हात नाही लावायचा," सर म्हणाला. त्याने घाई केली नाही. कॅमला बोटाने ढकलणं, दोरीला हिसका देणं, केबल कापणं, यांपैकी काही करायचं नाही, हे तो आम्हाला सांगत होता की स्वतःला, कळलं नाही. तोंड बाजूला ठेवून त्याने धनुष्य बो प्रेसमध्ये घेतलं. हे यंत्र दोन्ही भुजांना एकदम, सारखं दाबतं. भुजा दबत गेल्या तशी केबल सैल झाली. ती पुरती सैल झाल्यावरच त्याने कॅम हाताने परत फिरवला. नंतर पाण्याचा अख्खा तांब्या प्यायला.

दोष सापडला. वरच्या अडसराचा स्क्रू ढिला होता आणि अडसर खालच्यापेक्षा दोन खुणा पुढे सरकलेला. शिवाय वरचा बोल्ट खालच्यापेक्षा दीड फेरा जास्त सैल. कुणी केलं, कधी, कळायला मार्ग नव्हता. मी विचारलं, हे परत करून टाकावं का? तो म्हणाला, "धनुष्य चांगलं आहे. त्याला कुणीतरी अर्धवट हात लावलाय."

मग दुपारभर त्याने ते नीट लावलं, आणि प्रत्येक पायरी लेकीकडून वहीत लिहून घेतली. आधी कंपनीची पुस्तिका. अंदाज नाही. दोन्ही बोल्ट पूर्ण आत कसायचे, मग दोन्ही मोजून सारखेच फेरे बाहेर. पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपलीकडे अर्धाही नाही. आसापासून आसापर्यंतची लांबी आणि मुठीपासून दोरीचं अंतर मोजायचं, पुस्तिकेशी ताडायचं. फरक असेल तर दोरी किंवा केबल प्रेसमध्ये सैल करून तिला पीळ द्यायचा किंवा काढायचा. पीळ दिला की ती आखडते, काढला की लांबते. एका वेळी अर्धा पीळ, आणि पुन्हा मोजायचं. प्रेसशिवाय दोरीला हात नाही. दोन्ही अडसर एकाच खुणेवर. पुन्हा ड्रॉ बोर्ड. दोन्ही अडसर एकाच वेळी टेकले की काम झालं. एक आधी, एक मागाहून टेकला तर पुन्हा पीळ. हे सगळं झाल्यावरच बाणाची खाच, कागदातून बाण मारून फाटलेलं भोक पाहणं, साइट लावणं. बहुतेक पोरं इथून सुरुवात करतात, तो म्हणाला, कारण यात बाण मारायला मिळतो.

पहिल्यांदा हातात ताणताना ताण कमीत कमी ठेवायचा, योग्य वजनाचा बाण लावायचा, निशाणाच्या गादीपासून चार पावलांवर उभं राहायचं, बोट रिलीजच्या कळीपासून दूर. भिंत लागली की तिच्यात घुसून ओढायचं नाही. आणि बाण न सोडता धनुष्य सावकाश परत उतरवायचं. हे त्याने लेकीकडून वीसदा करून घेतलं. चढवणं आणि उतरवणं. एकही बाण सोडू दिला नाही. ती रडकुंडीला आली. तो म्हणाला, "सोडायला सगळ्यांना येतं. उतरवता आलं पाहिजे."

शेवटी त्याने खिशातून नखं रंगवायची लाल बाटली काढली. दोन्ही अडसरांच्या स्क्रूवर आणि बाजूच्या धातूवर मिळून एकेक बारीक रेघ ओढली. स्क्रू केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. रोज बाण लावण्याआधी ही रेघ पाहायची.

घरी आल्यावर अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. भुवईवरून बोट फिरवलं. "अच्छा उस्ताद मिला," म्हणाले. लेकीची अम्मी मात्र त्या रात्री मला म्हणाली, बंद करा हे, कॅरम खेळू दे तिला. मला उत्तर सुचलं नाही. लेकीने वही आणून अम्मीपुढे ठेवली आणि रेघ कशी पाहायची ते दाखवलं. आता सराव संपला की अम्मी चष्मा लावून ती रेघ पाहते. परवानगी दिल्याचं तिने अजून तोंडाने कबूल केलेलं नाही.

2025 च्या एप्रिलमध्ये ठरलं, की 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार असेल. कंपाउंडला ऑलिंपिकचं दार पहिल्यांदाच उघडलं. लेकीच्या खोलीत ते वर्ष भिंतीवर लिहिलेलं आहे. आम्ही त्याबद्दल फार बोलत नाही. नजर लागते असं तिची दादी म्हणायची.

त्याच वर्षी एका स्पर्धेत ती उपउपांत्य फेरीपर्यंत गेली. आळीपाळीने बाण, प्रत्येकीला 20 सेकंद. नवव्या बाणापर्यंत दोघी बरोबरीत. दहाव्याला तिने दोरी ओढली, भिंतीला टेकली आणि थांबली. मला वाटलं, वारा पाहतेय. घड्याळ खाली येत होतं. मागे कुणीतरी ओरडलं, मार, मार. तिने बोट कळीवरून काढलं आणि धनुष्य सावकाश उतरवलं. वेळ संपला. वेळेत न सुटलेल्या बाणाला शून्य, आणि 15 बाणांच्या बेरजेत शून्य भरून निघत नाही. पुढचे बाण तिने मारलेच नाहीत.

बाहेर आल्यावर तिने धनुष्य माझ्यासमोर धरलं. खालच्या अडसरावरची लाल रेघ तुटली होती, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. "भिंत मऊ लागली, अब्बू," ती म्हणाली.

रात्री फोनवर अब्बांना निकाल सांगितला. हरली म्हणालो. त्यांनी विचारलं, का? मी सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "उसको बोल, कान अच्छा है उसका."